छंदाच्या धातुकामासाठी द्रव फ्लक्स: निवड, वापर आणि धुलाई

पितळेच्या दोन पट्ट्या डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडायला बसलेल्या नवशिक्या माणसाचे काम बहुतेक वेळा डाखामुळे किंवा आचेमुळे नव्हे, तर फ्लक्समुळे अडते. नुसता ‘लिक्विड फ्लक्स’ मागितला, तर इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणारा अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ देतो, नळजोडणीचे सामान विकणारा झिंक क्लोराइडचे जहाल द्रावण देतो आणि दागिने घडवण्याचे साहित्य ठेवणारा टाकणखाराचा (बोरॅक्सचा), चांदीच्या कडक डाखासाठीचा द्रव पुढे करतो. नाव एकच असले तरी हे तीन पदार्थ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, त्यांच्यापासून होणारे अपाय वेगळे आहेत आणि काम संपल्यावर ते धुण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. म्हणून बाटलीवरच्या नावाकडे न पाहता आतले घटक वाचायला शिकावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घटक कळला, की तो कोणत्या धातूवर चालेल, कोणती काळजी घ्यावी लागेल आणि शेवटी तो कशाने धुवायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात.

फ्लक्सचे काम

कानशीने घासून लखलखीत केलेल्या पितळेवरही काही क्षणांतच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि धातू तापवला की तो झपाट्याने जाड होत जातो. वितळलेला डाख धातूला धरतो, ऑक्साइडला धरत नाही; त्यामुळे अशा पृष्ठभागावर तो पसरण्याऐवजी गोळी होऊन इकडेतिकडे घरंगळतो. फ्लक्स हा थर विरघळवतो, धातू गरम असेपर्यंत त्याच्यावर पांघरूण घालून हवेला दूर ठेवतो आणि डाखाला फटीत शिरायला मदत करतो. मात्र तो तेल, रंग, लाख किंवा जाड गंज काढत नाही. ते काम कानस, पॉलिश पेपर आणि साबणाच्या पाण्याने आधीच झालेले असावे लागते. जहाल फ्लक्स घेतला की सफाईचे कष्ट वाचतात, हा समज चुकीचा आहे आणि फसलेल्या बऱ्याच जोडांचे मूळ त्यातच असते.

फ्लक्सने आपले काम डाख वितळण्याच्या आधी सुरू करायला हवे, म्हणून त्याचे आणि डाखाचे तापमान जुळावे लागते. कथील ६० टक्के आणि शिसे ४० टक्के असलेला नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि सुमारे १९० अंशांना पूर्ण पातळ होतो. कथील आणि तांब्याचा बिनशिशाचा डाख २२७ अंशांना वितळतो. नुसते झिंक क्लोराइड मात्र सुमारे २९० अंशांना वितळते, म्हणजे डाख पातळ झाल्यावरही ते घट्टच राहील. त्यात योग्य प्रमाणात नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, मिसळले की त्या मिश्रणाचा वितळणबिंदू सुमारे १८० अंशांपर्यंत खाली येतो. झिंक क्लोराइडच्या बहुतेक बाटल्यांत नवसागर का असतो, याचे उत्तर हेच आहे.

बाटलीत काय असते

तांबे, पितळ, कथलाचा मुलामा दिलेला पत्रा आणि साधे पोलाद यांसाठी झिंक क्लोराइड व नवसागर यांचे पाण्यातील द्रावण फार प्रभावी ठरते. ते पटकन काम करते, मळकट पृष्ठभागही काही प्रमाणात सांभाळून घेते आणि त्यामुळेच मोहात पाडते. त्याचा दोष असा, की मागे राहिलेले क्षार हवेतील ओलावा सतत ओढून घेतात आणि धातू आतून कुरतडत राहतात.

पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) आणि पोलाद यांच्या लहान प्रतिकृती बनवणाऱ्यांनी विरल फॉस्फरिक आम्लाचा फ्लक्स आधी वापरून पाहावा, असे मला वाटते. छंदासाठी मिळणाऱ्या बाटल्यांत आम्लाचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असते. क्लोराइडच्या तुलनेत त्याचे अवशेष धातूला कमी छळतात आणि साध्या पाण्याने सहज निघतात. क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर असलेल्या स्टेनलेस स्टीललाही याच आम्लाचा अधिक तीव्र प्रकार किंवा आम्लयुक्त झिंक क्लोराइड लागते. तेथे राळेचा काहीच उपयोग होत नाही.

राळेचा फ्लक्स सौम्य असतो. राळ थंड असताना जवळपास निष्क्रिय असते आणि तापल्यावरच तिच्यातील आम्ले कामाला लागतात. म्हणून विजेच्या तारा, सर्किट आणि प्रतिकृतीमधील दिव्यांची जोडणी यांसाठी तीच वापरावी. अशा कामावर झिंक क्लोराइड किंवा फॉस्फरिक आम्ल कधीही लावू नये, कारण तारेच्या आवरणाखाली झिरपलेले आम्ल धुऊन काढता येत नाही. स्वच्छ तांब्या-पितळेचे बारीक कामही राळेने होते, पण मोठ्या जोडाला ती अपुरी पडते.

चांदीच्या कडक डाखाचे काम निराळे आहे. तो डाख साधारण ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि टाकणखार स्वतः सुमारे ७४३ अंशांना वितळतो. वरचे तिन्ही प्रकार त्या आचेत जळून जातात, तर टाकणखार कथलाच्या डाखाच्या तापमानाला वितळतच नाही. या गटातल्या काही बाटल्यांत फ्लोराइड असते. ते लेबलावर दिसले, तर चांगला धूरशोषक नसलेल्या घरात ती बाटली आणूच नये. ॲल्युमिनियमसाठीचे फ्लक्सही असेच वेगळे व अधिक धोकादायक असतात आणि नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विकत घेताना

विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर सुरक्षा-माहितीपत्रक, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मागावे. त्याचे १६ ठरलेले विभाग असतात आणि ते सगळे वाचण्याची गरज नसते. तिसऱ्या विभागात घटक, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी व साठवण, आठव्यात संरक्षक साधने आणि तेराव्यात विल्हेवाट दिलेली असते. घटकांची व्यापारी नावे फसवी असू शकतात, म्हणून सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला ठरावीक ओळख-क्रमांक, पाहावा: झिंक क्लोराइडचा ७६४६-८५-७, अमोनियम क्लोराइडचा १२१२५-०२-९, फॉस्फरिक आम्लाचा ७६६४-३८-२, हायड्रोक्लोरिक आम्लाचा ७६४७-०१-० आणि राळेचा ८०५०-०९-७. हे पाच क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले, तर कोणतीही अनोळखी बाटली दोन मिनिटांत ओळखता येते. ज्या बाटलीचे माहितीपत्रक मिळत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

लेबलावरचे काही शब्द वाचताना सावध राहावे. ‘नो-क्लीन’ याचा अर्थ सर्किटवर उरलेला अवशेष विजेच्या दृष्टीने निरुपद्रवी आहे एवढाच; त्यावर रंग धरेल असा त्याचा अर्थ नाही. ‘वॉटर सोल्युबल’ हा शब्द तर अनेकांना ‘सौम्य’ या अर्थाचा वाटतो, पण तो सांगतो एवढेच, की अवशेष पाण्यात विरघळतो. प्रत्यक्षात असे फ्लक्स बऱ्याचदा राळेपेक्षा जहाल असतात आणि धुतले नाहीत तर नुकसान करतात. इलेक्ट्रॉनिक्समधील प्रमाणपद्धतीनुसार छापलेल्या सांकेतिक अक्षरांत ‘आरओ’ म्हणजे राळ, ‘ओआर’ म्हणजे सेंद्रिय आणि ‘आयएन’ म्हणजे असेंद्रिय घटक. पुढचे एल, एम किंवा एच हे अक्षर अनुक्रमे कमी, मध्यम आणि जास्त तीव्रता दाखवते.

एका जोडाला एखादा थेंब पुरतो, त्यामुळे ५० किंवा १०० मिलिलिटरची बाटली पुष्कळ दिवस चालते आणि ती सांडली तरी संकट लहान असते. घरी फ्लक्स बनवायचाच असेल, तर फक्त राळेचा बनवावा: एक भाग राळेची पूड तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये वजनाने घालून, बंद बाटलीत, आचेशिवाय, अधूनमधून हलवत विरघळू द्यावी. हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचे तुकडे टाकून झिंक क्लोराइड करण्याची जुनी कृती अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तिच्यात आम्लाच्या वाफा आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू एकाच वेळी बाहेर पडतात. तयार बाटली सहज मिळत असताना घरच्या खोलीत हा धोका पत्करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

डोळ्यांचे रक्षण सगळ्यात आधी. तापलेल्या धातूवर पडलेला पाणीदार फ्लक्स तडतडतो आणि त्याचे आम्लयुक्त शिंतोडे हातभर अंतरावर सहज उडतात, म्हणून बाजूंनी बंद असलेला चष्मा घालावा. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही. बाटलीतून द्रव काढताना आणि शेवटी जोड धुताना नायट्राइलचे हातमोजे असावेत, पण तापलेले सोल्डरिंग आयर्न (डाख वितळवण्याचे विजेचे हत्यार) किंवा ज्योत हातात घेण्यापूर्वी ते काढून ठेवावेत, कारण ते वितळून कातडीला चिकटतात. अंगावर सुती कपडे असावेत.

धुराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे, त्यामुळे आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. जो धूर दिसतो तो फ्लक्सचा असतो. शिसे शरीरात जाते ते मुख्यतः बोटांवरून तोंडात. त्यामुळे काम करताना खाणे-पिणे बंद ठेवावे, उठताना हात साबणाने धुवावेत आणि अन्नाच्या भांड्यावर शिशाचा डाख लावू नये. फ्लक्सचा धूर निरुपद्रवी आहे असे मात्र मुळीच नाही. राळेच्या धुरामुळे काही जणांना दमा जडतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अगदी थोड्या धुरानेही त्रास होतो. नवसागर व झिंक क्लोराइडचा पांढरा धूर घसा आणि फुप्फुसे चुरचुरवतो. पंखा चेहऱ्याकडे वारा घालणारा नव्हे, तर कामावरची हवा ओढून खिडकीबाहेर टाकणारा असावा आणि जोड नीट दिसावा म्हणून डोके धुराच्या बरोबर वर नेऊ नये. ज्यांना दमा आहे, त्यांनी राळ टाळावी. सुमारे ७० अंशांना वितळणाऱ्या डाखाच्या काही प्रकारांत कॅडमियम असते आणि जुन्या चांदीच्या डाखातही ते सापडते. लेबलावर ते दिसल्यास तो डाख वापरू नये.

फ्लक्स डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि लेबल बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. डोळ्यांत किंवा कातडीवर सोडा टाकून आम्ल मारण्याचा प्रयत्न करू नये. तेथे फक्त भरपूर पाणी. फ्लक्स पोटात गेल्यास उलटी करवू नये, तोंड धुवावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. टेबलावर सांडलेल्या आम्लाच्या फ्लक्सवर मात्र खाण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत टाकावा आणि मग पुसून घ्यावे. आम्लाचा फ्लक्स आणि कपड्यांचे क्लोरिन ब्लीच एकत्र येऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

मूळ बाटली मुलांच्या हाती न लागेल अशी, झाकण घट्ट लावून, हत्यारांपासून दूर ठेवावी. आम्लाच्या वाफांनी जवळच्या कानशी आणि पकडी गंजतात. फ्लक्स पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. कामापुरता द्रव लहान प्लास्टिकच्या झाकणात काढावा आणि ते झाकण जड लाकडी ठोकळ्यात कोरलेल्या खड्ड्यात बसवावे. कोपर लागून सांडण्याचे प्रकार एवढ्याने थांबतात. त्यात उरलेला द्रव परत मूळ बाटलीत ओतू नये, कारण त्यात उतरलेले तांबे आणि लोह सगळी बाटली बिघडवतात. झिंक क्लोराइड जलचरांना अतिशय घातक आहे, म्हणून जुना फ्लक्स नाल्यात न ओतता रासायनिक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यावा.

प्रत्यक्ष जोड

नवी बाटली आणली की आधी टाकाऊ पट्टीवर चाचणी घ्यावी. पट्टी घासून स्वच्छ करावी, तिच्यावर फ्लक्सचा एक थेंब आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढा डाखाचा तुकडा ठेवावा आणि पट्टी खालच्या बाजूने तापवावी. आधी थेंब उकळून बुडबुडे येतात, पाणी उडाले की तो थोडा दुधाळ होतो आणि मग काचेसारखा नितळ होऊन पसरतो. त्यानंतर दाण्याच्या कडा मऊ होतात आणि क्षणभरात तो आपला आकार सोडून आरशासारखा चकचकीत, सपाट डाग होतो. डाख फुगीर गोळीच राहिला, तर सफाई कमी पडली आहे किंवा फ्लक्स त्या धातूचा नाही. फ्लक्स काळा पडून करपला, तर आच जास्त झाली आहे. ही चाचणी दोन-तीनदा नीट पाहिली, की खऱ्या जोडावर काय घडते आहे हे डोळ्यांना आपोआप कळू लागते.

खऱ्या जोडासाठी दोन्ही तुकडे घासून, धुऊन आणि सुकवून घ्यावेत व त्यानंतर त्यांना बोट लावू नये, कारण बोटाचे तेलही डाखाला अडवते. तुकडे एकमेकांना बिलगून बसले पाहिजेत, ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरची फट डाख स्वतःहून आत ओढून घेते, पण रुंद फट तो भरत नाही. मग धातू थंड असतानाच बारीक ब्रशने फटीला फ्लक्सची ओली रेघ द्यावी. अल्कोहोलचा राळ-फ्लक्स असेल, तर तो पूर्ण वाळेपर्यंत ज्योत पेटवू नये; आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंशांनाही पेट घेऊ शकते.

पितळ उष्णता भराभर पसरवते, त्यामुळे बारीक टोकाचे लहान आयर्न अपुरे पडते आणि रुंद टोकाचे, ६० ते १०० वॉटचे आयर्न बरे. टोकाला डाखाचा पातळ लेप असावा. कोरडे, काळे टोक उष्णता देत नाही. टोक जोडावर सपाट टेकवून फ्लक्स नितळ होईपर्यंत थांबावे आणि मग डाखाची तार टोकाला नव्हे, तर टोकाच्या पुढे धातूला लावावी. धातू पुरेसा तापलेला असेल, तर डाख फटीतून धावत जातो आणि दुसऱ्या बाजूला चंदेरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की थांबावे. वरून आणखी डाख ओतल्याने जोड मजबूत होत नाही, पुढे कानशीचे काम मात्र वाढते. आयर्न उचलल्यावर डाखाची चमक किंचित मंदावेपर्यंत तुकडे हलू देऊ नयेत.

जोड मध्येच अडला, तर तापलेल्या धातूवर ब्रशने पुन्हा फ्लक्स लावण्याची घाई होते आणि बहुतेक शिंतोडे त्याच क्षणी उडतात. जोड थंड होऊ द्यावा, करपलेला थर पाण्याने आणि ब्रशने काढावा आणि नव्या थेंबाने पुन्हा सुरुवात करावी.

धुलाई

सुरुवातीच्या दिवसांत मी पितळेची एक लहान पेटी झिंक क्लोराइड वापरून जोडली, ओल्या कापडाने पुसली आणि रंगवून फडताळात ठेवली. तीन आठवड्यांनी सांध्याच्या आतल्या कडेने हिरवट रेघ उमटली होती आणि तिच्यावरचा रंग लहान लहान फोडांनी वर उचलला होता. जोड पक्का होता, डाखही नीट शिरला होता. फटीच्या तोंडाशी अडकून राहिलेल्या क्षारांनी ओलावा ओढून तेवढे काम केले होते. तेव्हापासून मी ज्या दिवशी जोडतो त्याच दिवशी धुतो आणि दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही.

क्लोराइडचा फ्लक्स धुताना एक अडचण येते. त्याचे अवशेष नुसत्या पाण्याने धुतले, तर त्यातील जस्ताचे काही क्षार न विरघळणारा पांढरा थर होऊन बसतात. म्हणून आधी एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात जोड ब्रशने घासावा, मग गरम पाणी दोन-तीनदा बदलून धुवावे आणि त्यानंतरच सोड्याच्या पाण्यात बुडवून शेवटी स्वच्छ पाण्याने खंगाळावे. सोडा आधी वापरला, तर पांढरा थर वाढतो. फॉस्फरिक आम्लाला एवढा खटाटोप लागत नाही. गरम पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश आणि भरपूर खंगाळणे पुरते. राळ पाण्याला दाद देत नाही. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासावी, आणि विरघळलेली राळ पसरून पुन्हा चिकटू नये म्हणून दुसऱ्या, स्वच्छ अल्कोहोलने वाहवून टाकावी. त्या वेळी जवळपास तापलेले आयर्न नसावे. टाकणखाराचा काचेसारखा घट्ट झालेला अवशेष गरम पाण्यात किंवा सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात भिजवला की सुटतो. बंद पोकळ वस्तूच्या आत शिरलेले पाणी आणि फ्लक्स बाहेर काढता येत नाही, म्हणून अशी वस्तू आखतानाच न दिसणाऱ्या बाजूला एक बारीक भोक ठेवावे.

धुलाई पूर्ण झाली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. शेवटच्या स्वच्छ पाण्यानंतर जोडावर पाण्याचा एक थेंब पाच मिनिटे राहू द्यावा आणि निळ्या लिटमस कागदाचे टोक फटीच्या तोंडाशी त्यात टेकवावे. कागद लाल झाला, तर धुलाई पहिल्यापासून करावी. तो निळाच राहिला, की वस्तू उबदार जागी रात्रभर वाळवावी. पोलादाला तेलाचा हलका हात द्यावा आणि पितळेला दुसऱ्या दिवशी रंगाचा पहिला थर द्यावा.